‘लेखी द्या’ म्हणणारी प्रियदर्शनी

वीज कंपनीच्या एका तालुक्याच्या ऑफिसात मी एकोणतीस वर्षं नवीन कनेक्शनच्या टेबलावर बसलो. तालुका कोणता ते सांगत नाही. मूर्तिजापूरहून एस.टी.नं तासाभराच्या आत येतो, एवढं पुरे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी रस्त्यात कोणी ‘खुशालराव, लेखी द्या’ म्हणून चिडवलं की माझं डोकं फिरतंच. हे दोन शब्द गावाला ज्या बाईनं शिकवले तिची ही गोष्ट. नोकरीत तिनं मला जेवढा घाम फोडला तेवढा एकाही साहेबानं फोडला नाही. आणि आज मी तिचं नाव घेतो ते मान खाली घालूनच.

आधी आमच्या टेबलाची पद्धत सांगतो. अर्ज नाकारायचा असला तर तो हातातच परत द्यायचा. ‘हा कागद आणा, मग या.’ लिहून काही द्यायचं नाही. अर्ज घेतला की त्याला आवक क्रमांक पडतो, क्रमांक पडला की मुदत सुरू होते, मुदत टळली की वरून विचारणा येते. तोंडी परत केलेला अर्ज म्हणजे आलाच नाही. ही पद्धत काही मी शोधली नव्हती, पण वापरली ती भल्ली, अगदी मनसोक्त.

ऑफिसच्या फाटकासमोर प्रियदर्शनीचं झेरॉक्सचं दुकान. पोट्टी हुशार. अकोल्याच्या कॉलेजात कायदा शिकत होती, बापाला लकवा मारला आणि दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलं. मग हे दुकान टाकलं. दुकानाच्या मीटरचा अर्ज घेऊन ती माझ्याकडं आली तेव्हा मी नेहमीसारखा परत दिला. ती म्हणाली, काका, काय कमी आहे ते लेखी द्या. मी हसलो. आजूबाजूचे चार जण हसले. बाईनं वाद घातला नाही. पोस्टात गेली आणि तोच अर्ज रजिस्टर करून साहेबांच्या नावानं पाठवला. झाली ना मुदत सुरू! महिन्याच्या आत तिच्या दुकानात मीटर लागलं आणि साहेबांनी मला आत बोलावून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढ्यावर ती थांबली असती तर तिची गोष्ट कशाला सांगितली असती? राज्याच्या वीज नियामक आयोगानं विनियम केलेले आहेत. जोडणी किती दिवसांत द्यायची, अर्ज नाकारला तर काय करायचं, गाऱ्हाणं कुठं मांडायचं, सगळं त्यात आहे. ते तिनं आयोगाच्या साइटवरून उतरवले, आपल्याच मशीनवर छापले, स्पायरल बायंडिंग केलं आणि काउंटरवर ठेवून दिले. गिऱ्हाईक नसलं की ती पेन्सिल घेऊन वाचत बसायची. हेच पुस्तक आमच्या ऑफिसच्या कपाटातही होतं. कपाटाची चावी माझ्याकडं होती. एवढ्या वर्षांत मी ते एकदाही उघडलं नाही, हेही सांगून टाकतो.

मग खुर्शीदबीची केस आली.

खुर्शीदबी म्हणजे शहराच्या कडेच्या मोहल्ल्यातली विधवा बाई. गोधड्या शिवते. घरात ती आणि तिची मुलगी महेजबीन. महेजबीनला लहानपणापासून साखरेची बिमारी, रोजचं इन्सुलिन. घर कागदावर मोठ्या दिराच्या नावानं. मीटरही त्याच्याच नावाचं होतं. दीर हैदराबादेत राहतो. घरावरून काही बोलाचाली झाली, त्यानं अर्ज करून मीटर कायमचं बंद करून टाकलं आणि फोन उचलायचा सोडला. शेजाऱ्यानं दया करून एक वायर दिली, त्यावर एक बल्ब आणि एक पंखा. फ्रीज चालेना. इन्सुलिनच्या बाटल्या मायलेकी ओल्या रेतीतल्या मडक्यात ठेवू लागल्या. मार्चमध्येच ऊन तापलं, औषध बिघडलं आणि महेजबीनला पाच दिवस अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी साफ सांगितलं, मे महिना असा काढू नका, पोरगी हातची जाईल.

हे सगळं खुर्शीदबीनं माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. मला वाईट नाही वाटलं असं नाही. पण जीभ आपल्या सवयीनं चालली. म्हटलं, घरमालकाचं ना-हरकत आणा, मग या.

ती रस्ता ओलांडून प्रियदर्शनीकडं गेली. प्रियदर्शनीनं पुस्तक उघडून दाखवलं की जोडणी मागायचा हक्क मालकाला आहे तसाच कब्जेदारालाही आहे, ना-हरकतीचा प्रश्नच येत नाही. तिनं नवा अर्ज भरला, त्यात मालक, कब्जेदार, भाडेकरू या तिघांपैकी ‘कब्जेदार’वर खूण केली, सोबत रेशनकार्ड जोडलं, खुर्शीदबीची सही घेतली आणि तिला माझ्याकडं पाठवलं.

आता पाहा गंमत. खुर्शीदबी उर्दू शाळेतली. मराठी एकेक अक्षर लावून वाचते. फाटकात उभं राहून तिनं अर्ज वाचायला घेतला आणि ‘कब्जेदार’ शब्दावर अडली. आमच्या वऱ्हाडात कब्जा म्हणजे काय ते कोणालाही विचारा. दुसऱ्याच्या प्लॉटवर टपरी टाकून बसतात, त्याला आम्ही कब्जा म्हणतो. त्यात दिरानं शेवटच्या फोनवर तिला हेच सुनावलं होतं, ‘तुमने कब्जा किया.’ बाईच्या जिवाला लागलं. तिनं वॉचमनकडून पेन घेतला, शब्द खोडून काढला आणि बाजूला वाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘राहणारी’.

तो अर्ज माझ्या हातात आला आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मागून प्रियदर्शनी आलीच, म्हणाली, लेखी द्या. या वेळी मी उत्साहानं दिलं. ‘अर्जदाराने आपण कब्जेदार असल्याचे स्वतःच नाकारले आहे, सबब अर्ज मान्य करता येत नाही.’ खाली सही, शिक्का. एवढी चोख भाषा मी आयुष्यात लिहिली नव्हती.

प्रियदर्शनी तोच कागद घेऊन अकोल्याच्या ग्राहक तक्रार मंचात गेली. एप्रिलात सुनावणी लागली. आमच्याकडून साहेब आणि फाइल धरायला मी. तिकडून तिघी. महेजबीनच्या मांडीवर बर्फाचा थर्मास, त्यात उरलेली एक बाटली. पोरगी वाळून काटकी झाली होती. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं.

साहेबांनी माझा कागद वाचून दाखवला. मंचाच्या अध्यक्षांनी खुर्शीदबीला विचारलं, “बाई, त्या घरावर तुमचा कब्जा आहे का?”

एस.टी.त बसल्यापासून प्रियदर्शनी तिला एकच गोष्ट शिकवत आली होती, असं विचारलं की ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायचं. खुर्शीदबीनं कबूलही केलं होतं. पण उभं राहून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिला ते बोलवेना.

“नाई साहेब. म्या कोनाच्या घरावर कब्जा नाई केला. खुदा गवाह हाये.”

साहेबांनी फाइल मिटली. केस तिथंच बुडाली होती. दुसरं कोणी असतं तर म्हातारीवर खेकसलं असतं. मी तर नक्की खेकसलो असतो. या पोरीनं शांतपणे अध्यक्षांना विनंती केली की मला यांना यांच्या भाषेत दोन गोष्टी विचारू द्या.

“चाची, सकाळी घराची कडी कोन काढते?”

“मीच काढतो. अजून कोन काढीन?”

“नळ आला तं पानी कोन भरते?”

“मीच भरतो.”

“कवापासून?”

“निकाह होऊन आली तवापासून. एकतीस साल झाले. इचे अब्बा त्याच घरातून गेले.” असं म्हणत तिनं महेजबीनच्या डोक्यावर हात ठेवला.

प्रियदर्शनी अध्यक्षांकडं वळली. म्हणाली, “साहेब, कायद्यातला कब्जेदार म्हणजे हडपणारा नाही. त्या जागेत राहणारा. यांनी तो शब्द खोडून ‘राहणारी’ लिहिलं. यांनी तो शब्द नाकारला नाही, समजावून लिहिला.”

आमचे साहेब म्हणाले, हे नुसतं तोंडी झालं, राहत असल्याला पुरावा काय, रेशनकार्ड तर दिराच्या नावाचं आहे. तेव्हा तिनं माझ्याकडं बोट केलं. म्हणाली, मीटर बंद केलं त्या दिवशी यांच्या माणसानं स्थळपाहणी केली असणार. तो कागद काकांच्या फाइलीत असेल. काकांनी वाचावा.

तिच्याकडं त्या कागदाची नक्कल नव्हती. ‘फाइलीत नाही’ म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? साहेब माझ्याकडं डोळे वटारून पाहत होते. माझी नोकरी जेमतेम वर्षभर उरली होती, आणि साहेब जाता जाता माणसाचं काय करू शकतात ते मला पक्कं माहीत. मी फाइल उघडली. पानं उलटली. आणि वाचलं, “सदर घरात खुर्शीदबी व त्यांची मुलगी अनेक वर्षांपासून राहत असल्याचे आढळले.” अध्यक्षांनी विचारलं, हे खरं आहे का? म्हटलं, हो साहेब. तीच राहते. मला आधीपासून माहीत होतं.

पंधरा दिवसांच्या आत जोडणी द्या, असा आदेश निघाला. पुढचं वर्षभर साहेबांनी मला रेकॉर्डरूममध्ये धूळ खायला बसवलं. बसलो. काय करता.

प्रियदर्शनीला मी नंतर विचारलं, मी तो कागद वाचीन असं तुले कशावरून वाटलं बाप्पा? ती झेरॉक्स काढता काढता म्हणाली, वाटलं नव्हतं काका, दुसरा काही इलाजच नव्हता. एवढं सरळ उत्तर. या पोरीचं मला हेच आवडतं. दुसऱ्याला मोठं करायला म्हणूनसुद्धा ती खोटं बोलत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात खुर्शीदबीनं आम्हा दोघांना सरबताला बोलावलं. भर दुपार, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला. खुर्शीदबीच्या भावानं दिलेला जुना फ्रीज कोपऱ्यात घरघरत होता. तीन महिने त्यात कपडे ठेवले होते म्हणे. महेजबीनच्या गालावर जरा मांस आलं होतं. तिनं फ्रीज उघडून इन्सुलिनची बाटली काढली आणि पाहा काका म्हणून माझ्या तळहातावर ठेवली.

बोटाएवढी बाटली. गार. मी एकोणतीस वर्षं त्या टेबलावर बसून किती अर्ज हातात परत दिले याचा हिशेब मला लागेना. डोळे भरून आले आणि या बायांसमोर ते पुसायचीही लाज वाटली. मी नुसता ती बाटली पाहत बसलो.

“काका,” प्रियदर्शनी म्हणाली, “पाहनं झालं असन तं आत ठिवा. गरम होऊन राहिली.”

मी उठलो, बाटली जागेवर ठेवली आणि दार लावलं. नीट लागलं की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.