त्याला कळणारा शब्द

भटक्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतून पिल्लू घरी आणलं त्याला आठवडा झाला. लस टोचून झाली, खाण्याच्या वेळा ठरल्या. लेकीने हौसेने ‘लाडू’ नाव ठेवलं. पण कितीही हाका मारा, ते सोफ्याखालून हलायचं नाही. आज सकाळी फाटकातून एक भटकं कुत्रं आत शिरलं आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, “हाड!”

सोफ्याखालचं पिल्लू लगेच उठलं. शेपूट पायांत घालून, मुकाट्याने फाटकाबाहेर जाऊन उभं राहिलं.

“बाबा, तू त्याला हाकललंस?” लेक रडकुंडीला आली.

आयुष्यभर हा शब्द मी न बघता भिरकावत आलो होतो. रस्त्यावर उकिडवा बसून मी कितीतरी वेळ “ये, ये” म्हणत राहिलो. तो शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता.