अर्दियाच्या गोदामातला अडकलेला ड्रॉवर

तू समोर आहेस असं धरूनच लिहिते. ये, अशी जवळ बस. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. कुवेतला येऊन किती महिने झाले तुला? तू राहतेस ते एगैला काही दुसऱ्या देशात नाही, पण मावशीची आठवण होते ती मराठी मंडळाच्या अंकाला मजकूर कमी पडला की! वर म्हणतेस, "मावशी, नोकरीतला एखादा खून लिहा ना." खून विसरले गं मी. एक टेबल मात्र अजून मनातून जात नाही, तेच लिहिते.

नाशिककडे शिपाई म्हणून भरती झाले, फौजदार म्हणून निवृत्त झाले. शाळा जेमतेम; जे शिकले ते ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभी राहून. ही घटना निवृत्तीनंतरची, इथे लेकीकडे राहायला आल्यावरची. गुन्हा नोंदलेला नव्हता. नोंदला जाणार होता, आणि तेच माझं बूड ठरू देत नव्हतं.

खबर लेकीने आणली. आमच्याच बिल्डिंगमध्ये वर एक मराठी कुटुंब आहे. मुलगा तेल कंपनीत इंजिनिअर, सून, म्हातारी आई, आणि घरातच राहून काम करणारी आंध्रातल्या कडप्प्याकडची एक बाई. त्यांच्या देवांतली चांदीची अन्नपूर्णा नाहीशी झाली होती. लग्नात सुनेला तिच्या आईने दिलेली, आणि ती आई आता हयात नाही. संशय बाईवर. मुलगा म्हणत होता, रविवारी ऑफिसला जाताना मखफरला, म्हणजे इथल्या पोलीस ठाण्यात, तक्रार देऊन जातो. बाईमाणसावर परक्या देशात चोरीची तक्रार गेली की तिचा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नोकरी, गावाकडचं नाव, सगळंच टांगणीला लागतं.

शुक्रवारी मी वर गेले. आजींनी दारातच टोमणा मारला, "या फौजदारीणबाई! बेड्या आणल्यात का?"

"चहा मिळाला तर बेड्या घरी विसरले असं म्हणेन," म्हटलं. आणि हकीकत काढून घेतली.

त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या दोन बाजूंना जुन्या सागवानी एंड टेबलांची जोडी होती, पितळी मुठींची. एकावर देव मांडलेले. त्यातलं देवांखालचं टेबल विकायचं ठरलं. नेमकं न्यायला माणसं आली त्याच दिवशी भारतातून फोन आला, आजींचे दीर गेले. घराला सुतक. देवांना हात कोण लावणार? माणसं तर दारात उभी. शेवटी आजी बाईला म्हणाल्या, "तुला सुतक नाही, तू उचल."

तिने देव स्टीलच्या डब्यात ठेवले. अन्नपूर्णा तांदळात बसलेली, तांदूळ सांडू नयेत म्हणून ती तांदळासकट रुमालात बांधली आणि घरीच राहणाऱ्या दुसऱ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. असं तिचं म्हणणं. सुतक फिटल्यावर ड्रॉवर उघडला तर रिकामा.

"हात तिचेच लागले ना?" आजी म्हणाल्या. "मग?"

मी स्वयंपाकघरात गेले. बाई कणीक मळत होती, डोळे सुजलेले. चोरीचा विषयच काढला नाही. तिच्या गावाचं विचारलं, पोरींचं विचारलं. मग हिंदीत म्हटलं, "चल, कसं ठेवलंस ते दाखव. बोलू नको, करून दाखव." माझी जुनी रीत आहे ही. तोंड घाबरतं, अडखळतं, पढवलेलं बोलतं. हात मात्र रोज जे करतात तेच करतात.

ती टेबलापुढे बसली. डावा हात ड्रॉवरखाली घालून कोपरा जरा वर उचलला, आणि उजव्या हाताने मूठ ओढली. ड्रॉवर इतका सैल की सुटून तिच्या मांडीवर आला. दचकलीच ती.

"कोपरा का उचललास?"

"अम्मा, ये ऐसेच खुलता. इधर अटकता."

"आत्ता कुठे अटकला?"

मी ड्रॉवर परत घातला, हलवला. खुळखुळत होता. रोज पुसणाऱ्या बाईच्या हाताला जो ड्रॉवर अडकतो हे पाठ आहे, तो एकाएकी सैल कसा झाला? मी आजींना एवढंच विचारलं, "विकलेलं टेबल गेलं कुठे?"

"तिकडे अर्दियाला, जुन्या सामानाच्या एका गोदामात. का हो?"

सांगितलं नाही. तपास चालू असताना बोलायचं नसतं. आशा दाखवून ती खोटी ठरली तर बाईचं आणखी वाईट.

आमच्या लेकीला कधीपासून दिवाणखान्यासाठी व्हिंटेज टेबल हवंच होतं. शनिवारी सकाळी तिला म्हटलं, "चल, अर्दियाला टेबल बघायला."

"आई, तू? तूच म्हणालीस ना, जुन्या बाजाराचं लाकूड घरात नको?"

"मत बदललं. गाडी काढ."

गोदामात जुन्या सामानाची रांगच रांग. लेक एकेका टेबलापुढे थांबून फोटो काढत होती. "आई, हे बघ, अँटिक आहे!"

"हे गेल्या वर्षीचं आहे," मी म्हटलं. "मागे फिरव. कच्ची प्लाय आहे. पाय ठोकून जुने केलेत, पण झीज बघ, चारी पायांना सारखी. असं कधी झिजतं का? जुनं लाकूड बघताना खाली वाकायचं, ड्रॉवर ओढायचा, सांधे बघायचे. हाताने केलेले सांधे एकसारखे नसतात, आणि जोडीची टेबलं असली तरी एकाचा ड्रॉवर दुसऱ्यात नीट बसत नाही. पॉलिश काय, कोणीही करतं." बोलत होते तिच्याशी, डोळे शोधत होते पितळी मूठ.

कोपऱ्यात सापडलं. वरच्या फळीवर समईच्या तेलाचा डाग, नक्षीच्या फटीत कुंकू. मूठ ओढली. हलेना.

दुकानदार मल्याळी होता, धावत आला. "अम्मा, जाम है वो! मत खींचो, टूटेगा. इसीलिए बिका नहीं."

"लाते वक्त किसका ड्रॉवर निकाला था?"

"उनके घर में दोनों का निकाला था, देखने के लिए. फिर ठोक के बिठाया."

मी टेबल जरा कलतं केलं. आत बारीक काहीतरी सरसरत घरंगळलं. तांदूळ.

लेकीने माझा हात धरला. "आई, ओढ ना आता!"

"नाही. त्यांच्यासमोर उघडायचं. फोन लाव वर. मुलगा, सून, आजी, सगळे येऊ देत. त्यांच्याकडचा ड्रॉवरही आणायला सांग. आणि बाईला आणा. तिच्याशिवाय हात लावणार नाही."

त्या तासाभरात मी एका जागी उभी राहिले नाही. उघडला आणि आत नुसते तांदूळ निघाले तर? दुकानदाराने खुर्ची दिली, चहा दिला. दोन्ही तसेच राहिले.

सगळे आले. दुकानदार आणि माझी लेक, असे दोन पंच उभे केले. मुलगा पुटपुटला, "काकू, एवढं नाटक कशाला?" मी म्हटलं, "तू तक्रार द्यायला निघाला होतास ना? मग पंचनामा नीट होऊ दे."

बाईला म्हटलं, "तू खोल." तिने डावा हात खाली घातला, कोपरा उचलला, दुकानदाराने मागून ठोकलं, आणि ड्रॉवर बाहेर आला. मागच्या कोपऱ्यात रुमाल, गाठ सुटलेली. तांदळात अन्नपूर्णा. मग घरून आणलेला ड्रॉवर त्या रिकाम्या जागी सरकवला. अगदी अलगद बसला. न्यायला आलेल्यांनी दोन्ही ड्रॉवरची अदलाबदल केली होती, एवढंच.

सून रडायला लागली. मुलगा खाली बघत होता. आजींनी मूर्तीसाठी हात पुढे केला, पण बाईने ती दिली नाही. रुमालात गाठ मारून आधी मला दाखवली, मग दुकानदाराला, मग लेकीला. सगळ्यात शेवटी आजींच्या हातात ठेवली. "मम्मी, गिन लो," म्हणाली, "चावल भी गिन लो."

येताना आजींनी गाडीत तिला पुढे बसवलं.

त्याच महिन्याअखेर बाई गावी गेली, परत आली नाही. येईन म्हणाली होती. माझ्या मनात तेच घोळतं. तपास लागला की प्रकरण संपलं असं आम्ही ठाण्यात धरायचो, फाईल बंद करायचो. ज्याच्यावर संशय आला त्याचं काय झालं, हे बघायला मागे कोणी जायचं नाही. संशय घेताना लोक घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसापासून सुरुवात करतात, आणि तिथेच थांबतात. ड्रॉवर ओढून बघायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण ड्रॉवरवर कोणी चिडत नाही.

ते टेबल लेकीने विकत घेतलं, आता आमच्या सोफ्याशेजारी आहे. लेकीने त्यावर दिवा ठेवलाय, फोटोत छान दिसतं म्हणते. उन्हाळा आला की ड्रॉवर डावीकडे किंचित कुरकुरतो आणि मी उठून बघते. तू ये गं लवकर. या शुक्रवारीच ये. अंकाचं काम नसलं तरी ये.