ट्रॅक्टरवरची कणीक

माझा नवरा जर्मनीत रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात गाड्यांचं वजन कमी करतो. तेच त्याचं काम. इकडचा स्क्रू काढ, तिकडचा पत्रा पातळ कर, आणि चार ग्रॅम वाचले की संध्याकाळी पगारवाढ मिळाल्यासारखा हसत घरी येतो. अशा माणसाच्या हाती आमच्या घरमालकीणबाईंनी आपला ट्रॅक्टर सोपवला. त्यांचीही काही चूक नाही. हाताशी इंजिनीअर तेवढा एकच होता.

ट्रॅक्टर बागेतला, छोटा, विजेवर चालणारा आणि आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठा. बाईंच्या यजमानांनी तो मुद्दाम विजेचा घेतला होता, कारण पुण्याची एक ते चार या गावातही आहे. त्या वेळात कुणी आवाज करणारं यंत्र सुरू केलं की शेजारी खिडकीत येऊन उभे राहतात. यजमान गेले, मागोमाग बॅटऱ्या गेल्या, आणि ट्रॅक्टर शेडमध्ये गंजत पडला.

घरामागच्या उतारावर बाईंची सफरचंदाची झाडं आहेत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पेट्या वर आणणं त्यांना जमेना. मुलाने सांगून टाकलं होतं, "या वर्षी सफरचंदं तू स्वतः वर आणलीस तर बाग ठेवू, नाहीतर विकू." मुलगा वाईट नव्हता. आईला त्या उतारावर पडताना त्याने पाहिलं होतं.

तेव्हा उन्हाळाभर माझा नवरा शेडमध्ये. मोटर उघडली, वायरी बदलल्या, रंग खरवडला. जेवायला बोलावलं की "आलोच" म्हणायचा आणि येताना हाताला ग्रीस घेऊन यायचा. शेवटी जुन्या शिशाच्या बॅटऱ्या कण्हत कण्हत बाहेर काढल्या आणि त्यांच्या जागी बॅगेएवढा लिथियमचा डबा बसवला.

"अगं, शंभर किलो कमी केले!" तो ओरडतच घरात आला.

माझे दोन किलो कमी झाले होते तेव्हा याला दिसलेसुद्धा नव्हते.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. दसरा आणि नवं झालेलं वाहन एकाच दिवशी घरात असताना पूजा चुकवणं त्यांना शक्यच नव्हतं. कुंडीतला झेंडू तोडला, बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं कशाला, असं बाईंनी विचारलं. नवऱ्याने जर्मनमध्ये बराच वेळ समजावलं. बाई "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाल्या, जणू कंपनीच्या माहितीपुस्तकातच ते छापलेलं होतं.

बाईंचा मुलगा त्याच दिवशी पाहायला आला. आधी चाचणी म्हणून माझा नवरा बसला. लिंबं चिरडून ट्रॅक्टर ऐटीत उतार उतरला. मागच्या ट्रॉलीत पेट्या भरल्या आणि तो वर वळला. ओल्या गवतावर चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. ट्रॅक्टर काही हलेना.

"अरे, एवढा उपाशी ठेवलास होय त्याला?" सासूबाई वरून ओरडल्या. "पोटात काही नसेल तर ओढेल कसा?"

नवऱ्याचा चेहरा पडला. चाकांना जमिनीवर दाबून धरणारं वजनच त्याने मोठ्या अभिमानाने काढून टाकलं होतं. "राहू दे, ममा," मुलगा हळूच म्हणाला. बाई कठड्याला धरून नुसत्या खाली झाडांकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि नवऱ्याचा रागही आला.

मग मला आमचा केलर, म्हणजे तळघर, आठवला. इंडियन दुकान इथून लांब, म्हणून मी गेले की कणकेच्या आणि तांदळाच्या दहा दहा किलोच्या पिशव्या आणून तळघरात रचते. नवरा कायम विचारतो, "लढाई जाहीर झालीय का?"

"जा, केलरमधून कणीक घेऊन ये," मी म्हटलं. "सगळी. तांदूळही."

तो लगेच केलरकडे वळला. बाईंचा मुलगाही त्याच्या मदतीला गेला. बॅटऱ्यांच्या रिकाम्या जागेत पिशव्या बसल्या, उरलेल्या सीटमागे दोरीने बांधल्या. नवऱ्याने पुन्हा एक चढण चढून पाहिली. चाकांनी गवत धरलं.

मग बाई बसल्या. पहिल्या खेपेला मुलगा शेजारून चालत होता, हात सीटच्या मागे, न टेकवता धरलेला. दुसऱ्या खेपेला तो वरच थांबला. सगळ्या पेट्या वर आल्या तेव्हा त्याने त्या एकदा मोजल्या. मग म्हणाला, "बरं. ठेवू बाग."

"पुढच्या आठवड्यात लोखंडाची वजनं बसवतो," नवरा माझ्या कानाशी पुटपुटला.

"आधी माझी कणीक परत दे. संध्याकाळी पुरणपोळ्या करायच्यात."

पण बाई उतरेनातच. मुलाने हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली, ट्रॅक्टर वळवला आणि माझी सगळी कणीक घेऊन पुन्हा उतरणीला लागल्या. खालून आणायला आता एकही पेटी उरली नव्हती.