झाडून काढलेला माळ

आमच्या पर्सोनेल मॅनेजरसाहेबांना पक्ष्यांचं वेड लागलं ते राजस्थानच्या वाळवंटात. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. साहेब सहकुटुंब जैसलमेरला गेले, तिथे कुणीतरी त्यांना उंटावर बसवून वाळूतली पाखरं दाखवली, आणि साहेब गळ्यात दुर्बीण अडकवूनच पिंपरीला परतले. तोवर या गृहस्थांना कावळा आणि कोंबडी यांच्यापलीकडे पक्षी माहीत नव्हता. कोंबडीसुद्धा ताटातली.

आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं की आपल्याकडेही वाळवंट आहे. चाकणच्या अलीकडे, निघोज्याच्या अंगाला जो उघडाबोडका माळ होता, तो म्हणजे वाळवंट. त्यावर कामगारांच्या कुटुंबांसाठी वाळवंटी पक्षी आणि निसर्ग महोत्सव भरवायचा. त्या माळावर श्रावणात गुडघाभर गवत उभं राहतं, हे साहेबांना सांगायची कुणाची प्राज्ञा? मी वेल्फेअर खात्यातला क्लार्क. मी "वा साहेब" म्हटलं आणि नवी फाईल उघडली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरला नसता.

महोत्सवाचा कार्यक्रम वाचता आला असता तर पाखरांनी आपण होऊन तालुका सोडला असता. प्रेसशॉप, पेंटशॉप, टूलरूम आणि असेंब्ली अशी खातेवार स्पर्धा. जे खातं जास्त पक्षी मोजेल त्याला ढाल. साहेबांना जगातली कुठलीही गोष्ट प्रॉडक्शनसारखीच दिसायची. एकच पक्षी दोनदा दिसला तर दोन धरायचे का, असं पेंटशॉपच्या फोरमनने विचारलं, तर साहेबांनी त्यावर मीटिंग घेतली. बायकांसाठी मोराची रांगोळी, पोरांसाठी पक्ष्यांच्या आवाजाच्या नकला, आणि उद्घाटनाला मुंबईच्या हेड ऑफिसातले डायरेक्टर. खरं तर हा सगळा घाट त्या डायरेक्टरांसाठीच होता. त्यांनाही दुर्बिणीचा शौक आहे असं साहेबांच्या कानावर आलं होतं.

आता त्यांना दाखवायचं काय? साहेब तीन रविवार माळावर जाऊन आले आणि तिन्ही रविवारी साळुंक्या पाहून आले. मग शोधाशोध झाली आणि प्रेसशॉपमधला निघोज्याचा एक टेंपररी कामगार सापडला. पस्तिशीचा, काटकुळा, विचारल्याशिवाय न बोलणारा. लहानपणी त्याने त्याच माळावर शेळ्या राखल्या होत्या. आमच्याकडे तो पाच वर्षं होता आणि पाचही वर्षं टेंपररी. दोनशे चाळीस दिवस भरत आले की त्याला ब्रेक मिळायचा. म्हणजे घरी बसवायचं, दोन-तीन महिन्यांनी परत घ्यायचं आणि दिवस पहिल्यापासून मोजायचे. माणूस कायम करावा लागू नये म्हणून काढलेली ही युक्ती होती, आणि ती पत्रं मीच टाईप करायचो. घरी म्हातारी आई, बायको, तीन पोरं. ब्रेकमध्ये तो चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचा.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी वही घेऊन बाजूला उभा होतो.

"डायरेक्टरसाहेबांना वाळवंटी पक्ष्याचं घरटं दाखव. अंड्यांसकट. दाखवलंस तर या वेळी ब्रेक नाही, थेट कायमचं पत्र."

"व्हय साहेब," तो म्हणाला. "दावतो."

पुढचे चार दिवस फर्स्ट शिफ्ट सुटली की तो सरळ माळ गाठायचा. पाचव्या दिवशी मला घेऊन गेला. बराच वेळ आम्ही एका खुरट्या बाभळीमागे बसलो. मग मातीच्याच रंगाचं एक पाखरू पळताना दिसलं. उंच पांढुरके पाय, डोळ्यावरून काळी रेघ. पळायचं, थबकायचं, वाकून काहीतरी टिपायचं, पुन्हा पळायचं. मराठीत त्याला धाविक म्हणतात हे मला फार पुढे कळलं. त्या कामगाराने मला जवळ नेलं तरी अंडी दिसेनात. "पायाकडं बगा," तो म्हणाला. उघड्या जमिनीवर दोन अंडी होती, मातीवर माती ठेवल्यासारखी. ना काडी, ना गवत. साहेब सोडून दुसऱ्या कशापुढे मी पहिल्यांदाच वाकलो. त्याने चार हातांवर तीन दगड खुणेला मांडले आणि म्हणाला, "भाऊसाहेब, हितनं कुनाला चालू देऊ नका. एवढं बगा."

मी म्हटलं, "बघतो."

आमच्या कंपनीत मोठा माणूस येणार म्हटला की व्हिजिटची साफसफाई व्हायची. ती सगळ्यांना तोंडपाठ होती. भंगार ताडपत्रीखाली ढकलायचं, झाडांना गेरू आणि चुना, दगड दिसला की पांढरा, गवत दिसलं की साफ. महोत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी मी बागेच्या मुकादमाला वीस माणसं दिली आणि म्हटलं, "डायरेक्टर येतायत, व्हिजिटसारखं करून टाका." एवढंच म्हटलं. मग शाल, श्रीफळ आणि ढालीवरची अक्षरं यांच्यामागे चिंचवडला निघून गेलो.

संध्याकाळी येऊन पाहिलं तर माळ ओळखू येत नव्हता. गवत छाटलेलं, बाभळी तोडलेल्या, लेंड्या झाडून काढलेल्या, पाणी मारून वर रोलर फिरवलेला. माळावरचे सगळे दगड गोळा करून, चुना फासून, मांडवाच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ओळीने लावले होते. पाखरं पाहायला बोलावलेल्या माणसांसाठी आम्ही पाखरांचं घर झाडून काढलं होतं. मी मुकादमाची पाठ थोपटली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. असल्या डोक्याला क्लार्कीच शोभते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसगाड्या भरून माणसं आली. लाऊडस्पीकरवर "हॅलो, हॅलो" सुरू झालं. पोहे वाटले गेले. मग मोजणी. माळावर पाखरू औषधाला दिसत नव्हतं. आभाळात एक घार होती. ती चारही खात्यांनी मोजली. असेंब्लीवाल्यांनी निघोज्यात जाऊन कोंबड्या मोजून आणल्या आणि त्या वाळवंटी आहेत की नाहीत यावर पेंटशॉपशी भांडण काढलं. साहेब दुर्बीण उलटी धरून डायरेक्टरांना क्षितिज समजावून सांगत होते.

शेवटी तो पुढे, मागे डायरेक्टर, साहेब आणि ताटात शाल घेऊन मी, असे आम्ही निघालो. त्याने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. मांडवामागच्या सपाट जमिनीवर तो थांबला, चार पावलं डावीकडे गेला, परत आला. तेव्हा कुठे मला ते खुणेचे तीन दगड आठवले. तो खाली बसला आणि ओल्या मातीवरून हात फिरवू लागला. लांब तेच मातकट पाखरू पळत होतं, थबकत होतं, पुन्हा तिथेच येत होतं.

"कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"परवा व्हतं, साहेब."

"परवा होतं म्हणजे काय? आज कुठंय?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी शालीची घडी सारखी करू लागलो. साहेबांनी डायरेक्टरांना इंग्रजीत सांगितलं की ही माणसं नोकरीसाठी काहीही थापा मारतात. डायरेक्टरांनी घड्याळ पाहिलं. ढाल पेंटशॉपला गेली.

पंधरा दिवसांनी त्याचे दिवस भरत आले आणि मी त्याचं ब्रेकचं पत्र टाईप केलं. कायमच्या पत्राचा विषय मी काढला नाही, साहेबांना तो आठवलाही नाही. तो माझ्या टेबलाशी आला, कॉपीवर सही केली आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "रोलर कुणाच्या सांगण्यावरून फिरला ते तुला कळलं होतं ना?"

"व्हय. मांडव उतरताना मुकादम बोलला, त्याच दिशी."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू, भाऊसाहेब? तुमची नोकरी गेली असती. तुमाला बी लेकरं हायेत."

मी कायम होतो. माझी नोकरी कुणाच्या बापाला काढता आली नसती. फार तर साहेब चार शब्द बोलले असते आणि त्याला त्याचं पत्र मिळायची आशा राहिली असती. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. मी त्याला ते सांगितलं नाही. "पोरांना जप," एवढं म्हटलं आणि पुढचं पत्र मशीनमध्ये घातलं.