पानडब्याचा आवाज

गौलीगुड्याच्या एकनाथराव मास्तरांना पाखरांचा भारी शौक. पण पाखरू दुसऱ्या कुणी बघितलं, की त्यांच्या कपाळाला आठ्या. कुणी हरखून सांगावं, मुशी नदीत निळं बदक दिसलं; मास्तर तोंडातल्या पानासकट निकाल देणार, "पळपुटं! कुण्या नवाबाच्या पिंजऱ्यातलं."

पोलीस ॲक्शन झाली, नवाबी बुडाली आणि त्यांच्या जिभेला ऊतच आला. नवाबांच्या हवेल्या, देवड्या ओस पडल्या, नोकर पांगले, पिंजरे उघडे राहिले. शहरभर भलभलती पाखरं दिसायला लागली. हिम्मतराव वकिलांनी अफझलगंजजवळ राजहंस बघितला, तर मास्तर भर बैठकीत म्हणाले, "वकीलसाब, काल दरबारची रूमी टोपी, आज गांधी टोपी. तुम्ही पळपुटे, तुमचा हंसही पळपुटा." बैठक खदखदली. वकील पान न घेता उठले.

त्याच हिवाळ्यात मीर आलम तलावावर मास्तरांना क्रौंच दिसला. पांढराशुभ्र, तोंड लाल, थेट उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला. मास्तरांनी डोळे चोळून पुन्हा बघितलं. जन्मभर चिखल तुडवला, पण नावावर एक पाखरू नव्हतं. मुंबईच्या पक्षीमंडळाचे साहेब येत्या आठवड्यात यायचे होते. क्रौंच रानचा ठरला, तर मंडळाच्या दप्तरी मास्तरांचं नाव लागणार होतं. फक्त साक्षीला दुसरा माणूस हवा आणि धड दुर्बीण हवी. दुर्बीण वकिलांकडं. नाक मुठीत धरून मास्तर त्यांच्या दारी गेले.

दोघं तलावाच्या काठी गवतात बसले. वकिलांनी बराच वेळ दुर्बीण डोळ्याला लावली.

"पंख पुरे हैत. पायाला कडीचा वळ नाही. माणसाजवळ येत नाही. रानचाच हौ, मास्टरसाब."

"मग! हा काय तुमचा हंस वाटला का?" मास्तर फुलले. खुशीत त्यांनी पितळी पानडबा काढला आणि झाकण उघडलं. खट्.

क्रौंचानं मान वर केली. चिखलातून लांब टांगा टाकत तो सरळ त्यांच्याकडं आला, डब्यात चोच घातली आणि एक विडा उचलून ऐटीत चघळू लागला. कुण्या बेगमेच्या पानदानाशी वाढलेलं लेकरू ते.

मास्तरांच्या हातातला चुना हातातच राहिला.

वकील हळूच म्हणाले, "मी कुछ देखाच नाही. तुमचा क्रौंच रानचा. फक्त माझा हंसपण रानचा धरायचा."

मास्तरांनी हिशेब केला. सौदा वाईट नव्हता. साहेबाला काय कळणार होतं? त्यांनी क्रौंचाकडं बघितलं. तो दुसऱ्या विड्याची वाट बघत मान लववून उभा होता. देवडीत सलाम करणारे उभे राहायचे, अगदी तसा.

"थू!" मास्तरांनी पिंक टाकली. "साहेबाला सांगा, पळपुटा. तुमचा हंसही पळपुटाच."

"आणि तुम्ही हो? उमरभर सरकारे-आलीचा, त्याच नवाबी दरबारचा पगार खाल्ला. तुम्ही कुठले रानचे?"

"मी?" मास्तरांनी डबा मिटला. "मला पळायचीसुद्धा अक्कल झाली नाही."

ते तरातरा रस्त्याला लागले. डब्यावर नजर ठेवून क्रौंच त्यांच्या मागोमाग चालत निघाला.