रोज भाकरी, नऊ दिवस सोडून

माझ्या आईला साखर आहे आणि ती नवरात्राचे नऊही दिवस कडक उपवास धरते. यावरून आमच्या घरात दरवर्षी भांडण होतं. मी आहाराची पत्रकं वाटणारी मुलगी. भाजीबाजारात वाटते, द्वारका चौकात खोळंबलेल्या रिक्षांमधून वाटते. पत्रकावर ठळक अक्षरांत असतं: साधं जेवा, वेळेवर जेवा, रोज जेवा. माझ्याच घरात त्यातल्या ‘रोज’ला नऊ दिवस सुट्टी.

एरवी तिच्यासारखं पथ्य कुणी पाळणार नाही. शहराला लागून आमचा झेंडूचा मळा. सकाळची गोळी, मग बाजरीची भाकरी, मेथी नाहीतर गवार, वाटीभर मटकी, ताक. पाहुणे येवोत, फुलांचा तोडा असो, वेळ चुकत नाही. पावडर नाही, महागडं काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, असंच चालू ठेवा. आणि घट बसले की गोळी सोडून हे सगळं बंद. वर बायका येऊन म्हणणार, “किती कडक करता हो तुम्ही!” गंगापूर रोडच्या एका जिमवर ‘नवरात्र डिटॉक्स’ असा फलक लागला होता, तिथे उपाशी राहायला फी पडते, आमच्याकडे कौतुक करून बाईला उपाशी ठेवतात. पुरुषाला कधी कुणी ‘किती कडक करता’ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

यंदा तिसऱ्या माळेला मी सकाळीच आईला धरलं. निफाडहून आलेली आत्या शेजारी हार ओवत बसली होती.

“गोळी घेतलीस?”

“घेतली की. गोळी कधी चुकवते का मी?”

“आणि खाल्लं काय?”

“चहा. बिनसाखरेचा.”

“अगं, गोळी साखर खाली आणते. पोटात काहीच नसेल तर किती खाली आणेल ती?”

“देवी बघती.”

आत्या फिस्सकन हसली. “देवीला पण दे गं एक पत्रक. ती पण नऊ दिस उपाशी उभी हाय.”

“थोडी भगर तरी खा, आई.”

“एक वेळचा हाय माझा. संध्याकाळी खाईन. तू लहानपणी तापानं फणफणली होतीस, तवा देवीला बोलले होते मी. तुझ्यासाठीच धरते.”

“माझ्यासाठी धरतेस ना? मग माझ्यासाठी सोड.”

आईनं फुलांसाठी कमरेला फडक्याची ओटी बांधली आणि ती सरीत उतरली.

ऊन चढलं तशी तिच्या ओटीतली फुलं खाली सांडायला लागली. हात थरथरत होते, ब्लाउज घामानं भिजला होता. मी जवळ गेले तर मला म्हणाली, “वन्सं, हार झाला का?” वन्सं ती आत्याला म्हणते. तिला बांधावर बसवलं, शेडमध्ये पळाले, चहाच्या डब्यातली साखर पेल्यात ओतून पाण्यात ढवळली. परत आले तर धावत आलेल्या आत्यानं माझं मनगट धरलं.

“साखर हाय तिला! अन् साखर पाजतीस? मारतीस का काय आईला?”

“आत्या, तिची साखर उतरलीय. सोड.”

“डाक्टरनं बंद केलीय साखर! वर्षभर चहात चिमूट टाकू दिली नाय तू!”

“वाढली तेव्हाचं ते. आता उतरलीय. सोड हात!”

ओढाताणीत अर्धा पेला मातीत गेला. आत्या वाईट नव्हती. आईचं पथ्य तिला तोंडपाठ होतं, आणि म्हणूनच ती मला अडवत होती. मी आईच्या तोंडाशी वाकले. “गिळता येतंय?” तिनं मान डोलावली. घोट घोट पाजत राहिले. आत्या मागे उभी राहून देवीचं नाव घेत होती, मध्येच मला शिव्या देत होती. घटका जाता जाईना.

मग आईनं खाली बघितलं. “एवढी फुलं कुणी सांडली गं?”

आत्या वाकून फुलं वेचायला लागली.

फुलांच्याच टेम्पोतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई एकट्या आईवर नाही, आम्हा तिघींवर चिडल्या: उपवास धरायचाच होता तर गोळी बदलून घ्यायला आधी का आला नाहीत?

घरी आल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडली. “मोडला माझा उपवास.”

“साखर उपासाला चालती. कुठं मोडला?” आत्या म्हणाली. “अन् आता उठता-बसता धर. मधले दिस जेव.” घट बसतात तो दिवस आणि उठतात तो दिवस, एवढाच हा उपवास. आमच्याकडे म्हाताऱ्या तसाच धरतात.

“मी काय म्हातारी हाय?”

“मग मघाशी लेकीला वन्सं म्हणालीस, ते काय तरणीचं लक्षण?”

दुसऱ्या दिवशी आत्यानं भाकरी थापली. आई जेवली, पण माझ्याकडे पाठ करून. मला उठता-बसताही नको होता. शेवटच्या दिवशी तर दसऱ्याचा मोठा तोडा असतो. “त्या दिवसाचा उपास मी सोडणार नाय,” ती म्हणाली, “कितीही पत्रकं छाप.” मग मी पत्रकं बाजूला ठेवली आणि तिलाच दवाखान्यात घेऊन गेले. त्या दिवसापुरती गोळी बदलून घेतली, आणि नेहमीच्या वेळांना उपवासाचंच, पण पोटभर खायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी मी मळ्यात फुलांचे क्रेट भरत होते. भाकरीच्या वेळेला आत्या भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन बांधावर आली. आई म्हणाली, “एवढी सरी काढते, मग खाते.”

“आधी खा,” आत्या म्हणाली आणि तिच्या कमरेची ओटी सोडून स्वतःच्या कमरेला बांधली.