दोन मिनिटांचं काम

"दोन मिनिटांचं काम आहे गं ठमे. एकानं बाहेरून बेल वाजवायची, एकानं आत बसून बघायचं. बस."

काकाने हे मला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा उन्हाळा सुरू व्हायचा होता. त्यानंतर आठ महिने दर रविवारी सांगितलं, आणि दर रविवारी मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नक्की येते." बसने जायला तीन तास, यायला तीन. दोन मिनिटांच्या कामासाठी आख्खा दिवस कोण घालवणार? माझं ऑफिस होतं, मुलांच्या परीक्षा होत्या, सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. कारणांना काय तोटा! ज्याला यायचं नसतं त्याच्याकडे ती भरपूर असतात.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्याला मूलबाळ नाही. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांच्या डॉक्टरांची नावं मोठमोठ्या पाट्यांवर असायची आणि काका मागच्या गल्लीत, एका खिडकीच्या खोलीत, दिवसभर भिंग लावून बसलेला असायचा. तिथे माणसं कधी येत नसत. प्लास्टरचे जबडे येत, आणि त्यांच्यावर नावाऐवजी आकडा असे. "चारशे बाराचा चावा जरा डावीकडे आहे," असं तो जेवताना सांगायचा, जसा काही चारशे बारा त्याचा शाळूसोबती. हजारो माणसं त्याने केलेल्या दातांनी हसली असतील, पण त्यातलं एकही त्याने हसताना पाहिलं नाही. त्याचं त्याला काही वाटतही नसे. घरी काकू होती.

काकू भयंकर घाईची. बेल वाजली की हातातलं टाकून यायची, कडी काढायची, आणि आपण "आलो" म्हणेपर्यंत पाठ फिरवून स्वयंपाकघरात पोचलेली असायची, कारण गॅसवर काही ना काही असायचंच. "चपला नीट काढा" हे ती पाठमोरीच सांगायची. मी लहानपणी सुट्टीत तिथे राहायला जायचे. काकूचा चेहरा आठवायला मला प्रयत्न करावा लागतो. पाठ मात्र लख्ख आठवते.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. आजारपण नाही, काही नाही, जातानाही घाईच. पहिलं वर्ष काका नुसता बसून राहिला. मग कुठूनसा छोट्या मॉडेलांचा नाद लागला. सुकाणू हलणारी होडी केली, मान वळवणारी क्रेन केली. मला वाटलं, बरं झालं, माणूस कशात तरी गुंतला. माझी जबाबदारी तेवढीच कमी झाली. असं वाटल्याची आता लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

आणि मग त्याने स्वतःचं घर करायला घेतलं. एकामागे एक दोन खोल्या, पुढे दार, मागे स्वयंपाकघर. बेल वाजली की स्वयंपाकघरातून बोटाएवढी काकू निघणार, नऊ सेंटिमीटर सरळ चालत दारात येणार, थोडी थांबणार आणि परत जाणार.

"यात एकच गोची आहे," त्याने फोनवर समजावलं होतं. "सर्व्हो म्हणजे ती काडेपेटीएवढी मोटर फिरते गोल. तेही पूर्ण नाही, अर्धाच वळसा. आणि तुझ्या काकूला यायचंय सरळ."

पहिल्यांदा त्याने मोटरीला एक लांब हात लावला आणि त्याच्या टोकावर काकू बसवली. ती गोल वळत आली आणि दारातून तिरकी बाहेर पडली. "प्यायल्यासारखी," काका म्हणाला, "तिला कळलं तर मला घरात घेणार नाही." मग त्याने फरशीत खाच पाडून काकूला तिच्यात अडकवलं आणि मोटरीच्या हाताला तारेचा दांडा जोडून मागून ढकललं. आता ती सरळ आली. पण असा दांडा हाताच्या लांबीच्या फक्त दुप्पट सरकतो. नऊ सेंटिमीटर हवे तर हात साडेचारचा हवा, आणि घराच्या मध्यापासून भिंत चारवरच. हात जाऊन भिंतीला आपटायचा. शिवाय असा दांडा निघताना हळू, मध्ये जलद आणि पोचताना पुन्हा हळू असा सरकतो. "हळूहळू निघणं तुझ्या काकूला कधी जमलंय का?" काका म्हणाला.

शेवटी त्याने दातेरी चाक आणि दातेरी पट्टी केली. पावणेसहा सेंटिमीटर व्यासाचं चाक फरशीखाली आडवं ठेवलं. त्याच्या अर्ध्या वळशात पट्टी बरोबर नऊ सेंटिमीटर सरकते, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने. चाक आणि पट्टी त्याने कवळीच्या साच्यात, कवळीच्याच मालातून ओतली. "जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवले," तो म्हणाला, "आता घराच्या फरशीखाली बसवतोय." मी हसले होते. मग कुकरची शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला.

उघड्या फळीवर, काकूच्या जागी बूच लावून, सगळं झकास चाललं. मग भिंती लागल्या, छप्पर बसलं, काकू बसली आणि तारा दारावरच्या खऱ्या बेलला जोडल्या गेल्या. तेव्हापासून काकूच्या कपाळावरचा रंग उडायला लागला. दाराच्या चौकटीला काहीतरी घासत होतं. काका रंग लावायचा आणि आठवड्यात तो पुन्हा उडायचा.

"घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही," तो म्हणायचा. "बेल वाजवून मी आत येईपर्यंत ती दारात उभी असते. मला ती फक्त परत जाताना दिसते. येताना मी तिला एकदाही पाहिलं नाही."

"अरे, मग शेजाऱ्यांना सांग ना."

"समोर कुलूप आहे. खालच्यांना काय सांगू? जरा वर येऊन माझी बेल वाजवता का? वेडा म्हणतील."

"कुणी तरी येत असेलच की. पेपरवाला, गॅसवाला."

"पेपर जिन्यात टाकतो. गॅसवाला खालून फोन करतो. हल्ली बेल कोण वाजवतं, ठमे?"

"मग टेबलावरच एक बटण लाव."

"लावता येईल. पण मग ते मीच बोलावल्यासारखं होतं."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. आठ महिने.

शेवटी गेले तेव्हा चार वाजता येते म्हणाले होते. बस उशिरा सुटली, मध्येच चुलतजावेचा फोन आला, उतरल्यावर मी आधी माझ्या एका मैत्रिणीकडे डोकावले. काकाच्या दाराशी पोचायला साडेसहा झाले. तीन जिने चढून दमले होते. बेल दाबली.

आत बेल खणखणली. पाठोपाठ झुंई असा बारीक आवाज आला, मग टक. नंतर काहीच नाही.

अर्धा मिनिट वाट बघून पुन्हा दाबली. पुन्हा झुंई, पुन्हा टक. दार उघडेना. माझी पाचावर धारण बसली. एकटा म्हातारा माणूस, गुडघा धड नाही, न्हाणीघरातली फरशी गुळगुळीत. अडीच तास उशीर केलेली मी! दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. "काका! अरे काका!"

"दार काय बडवतेस!" आतून आवाज आला. "बेल वाजव. अजून एकदा."

मी वाजवली. जरा वेळाने, "अजून." वाजवली. बॅग खांद्यावर, घाम कपाळावर, आणि मी बंद दारासमोर उभी राहून थांबून थांबून बेल वाजवतेय. जिन्यातून कुणी गेलं असतं तर मलाच वेडी म्हणालं असतं. सातव्यांदा वाजवल्यावर खुर्ची सरकली, पाय घासत आले आणि कडी निघाली.

काकाच्या डोक्याला ते जुनं भिंग बांधलेलं होतं आणि त्यामागे त्याचे डोळे मोठेच्या मोठे दिसत होते. टेबलासमोर उशी घातलेली खुर्ची. बाजूला बशीने झाकलेला माझ्यासाठीचा चहा, गारढोण.

"चारपासून बसलोय," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. नुसतं सांगितलं.

टेबलावर ते घर होतं. तोच ओटा, तीच खिडकी, चपलांची तीच फळी. आणि आत, गॅसपाशी, काकू. मी मागच्या बाजूने डोकावले म्हणून मला ती पाठमोरी दिसली. तिचे कपडे हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे होते, कवळीच्या मालाचा मूळ रंगच तो; वरून रंग त्याने फक्त चेहऱ्याला लावला होता. मला हसू आलं. पण पाठ हुबेहूब होती.

घराशेजारी एक डबी होती, रेडिओ दुरुस्तीवाल्याने करून दिलेली. तिच्यावर दोन फिरवायच्या खुंट्या. एकीभोवती पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते. आठ. अकरा. सोळा. बावीस.

"हे काय?"

"सेकंद. ती दारात किती थांबते ते."

"वाढत का गेले?"

"गुडघा," काका म्हणाला. मला कळलं नाही हे बघून त्याने भिंग कपाळावर सरकवलं. "बेल वाजवायची, किल्ली लावायची, चपला काढायच्या, मग इथवर यायचं. आधी आठात यायचो. आता बावीस लागतात."

"म्हणजे तू रोज..."

"बाहेरून आलो की वाजवतो. आपलं आपणच कुलूप काढून आत शिरायला नको वाटतं."

मी खुर्चीवर बसले आणि रडले. उगाच लपवायचं कशाला? त्याचं ते बेल वाजवणं म्हणजे तपासणी नव्हतीच. दूध घेऊन आलेला, डॉक्टरकडून आलेला, कुठूनही आलेला माझा काका रोज स्वतःच्या बंद घराची बेल वाजवत होता, आणि दर वेळी काकूला थोडं जास्त थांबायला लावत होता. जी बाई जन्मात कुणासाठी थांबली नाही तिला.

त्याने मला रडू दिलं. मग गार चहा ओतून नवा ठेवला. कप हातात दिला तेव्हा मला विचारायचं सुचलं. "सापडलं का मग? कशाने घासतं?"

"सापडलं." तो टेबलाशी बसला. "परत जाण्याचा वेग मी मुद्दाम कमी करून घेतला होता, नीट दिसावी म्हणून. ती दुसरी खुंटी त्याचीच. येण्याबद्दल मी रेडिओवाल्याला काही सांगितलंच नाही. त्यामुळे येताना मोटर पुऱ्या वेगाने सुटते, आणि दातेरी पट्टीला पोचताना हळू होणं ठाऊक नसतं. ती उंबऱ्याशी येऊन एकदम थांबते, पुढे झुकते आणि कपाळ चौकटीला लागतं."

त्याने भिंग काढून ठेवलं.

"धावत येते गं ती," तो म्हणाला. "मला वाटत होतं, सावकाश येत असेल."

मी मोठ्या शहाण्यासारखी म्हणाले, "मग तिसरी खुंटी लावून घे. येणंही हळू होईल."

"नको."

"रंग उडत राहील."

"उडू दे. रंग आहे माझ्याकडे."

माझी परतीची बस आठची होती. राहा, असं तो म्हणाला नाही आणि राहते, असं मीही म्हणाले नाही. दारात चपला घालत असताना तो म्हणाला, "जाताना एकदा वाजवून जा."

त्याने कडी लावली. त्याचे पाय घासत आत गेले. मी बाहेर उभी राहून सावकाश बावीस मोजले. मग बेल दाबली. झुंई, टक.

दार कुणी उघडणार नव्हतं. मी जिना उतरायला लागले.